चालू यंत्र बंद असल्याचे पत्र

पितृपक्षातली दशमी. दुपारी साडेबाराच्या सुमारास डोंबिवली पूर्वेतल्या आमच्या कार्यालयात पहिला फोन आला. इंटरनेट चालू दिसते आहे, पण काहीच उघडत नाही, अशी तक्रार होती. मी ती वहीत लिहून घेतली. पाठोपाठ दुसरा फोन, मग तिसरा. चौथ्या फोनवरच्या बाईंनी मला बोलूच दिले नाही.

"अहो, सिनेमाबिनेमाचं जाऊ दे. माझी मुलगी मुलाखतीला बसलीय लॅपटॉपसमोर. समोरच्या साहेबांचं तोंड जे उघडं राहिलंय ते मिटतच नाहीये!"

माणूस बघतो आहे, असे मी सांगितले. ते खरे नव्हते. बघणारा माणूस त्या दिवशी सुटीवर होता.

हे कार्यालय माझ्या धाकट्या दिराचे. पूर्वी तो केबल टीव्हीचा व्यवसाय करायचा. मग त्याच गच्च्यांवरून, त्याच वाटांनी घरोघरी इंटरनेट देऊ लागला. मी ठाण्यात, नौपाड्यात, एका दैनिकाच्या कार्यालयात वीस-बावीस वर्षे काढली. आलेली बातमी तपासायची, कापायची, मथळा द्यायचा, पानात लावायची. ते कार्यालय बंद झाले तेव्हा दीर म्हणाला, "वहिनी, घरी बसून काय करणार? माझी पत्रं लिहून द्या. माझ्या पत्रांना लोक हसतात." तेव्हापासून मी सोसायट्यांना परवानगीची पत्रे, कंपन्यांना अर्ज आणि गिऱ्हाइकांना दिलगिरीचे संदेश लिहिते.

तिसरा माणूस तंत्रज्ञ. चाळिशीचा, राहणार खडवली, केबलच्या काळापासून दिराकडे. कोणत्या इमारतीच्या गच्चीची किल्ली कोणाकडे असते हे त्याला पाठ होते. दिराला तो दादा म्हणायचा, मला वहिनी. दशमीला त्याच्या वडिलांची तिथी होती.

कार्यालयाच्या मागच्या खोलीत एक पोलादी पेटी आहे. तिला राउटर म्हणतात. आमच्या भागातल्या सगळ्या घरांचे इंटरनेट तिच्यातून जाते. पेटी आमची, पण तिच्या आत चालणारे सॉफ्टवेअर कंपनीचे. ते वापरण्याचे लायसन्स कंपनी देते. हे लायसन्स माणसाच्या नावावर नसते, पेटीच्या क्रमांकावर असते. पेटी दर काही तासांनी कंपनीच्या संगणकाला विचारते, माझे लायसन्स आहे ना. उत्तर 'आहे' असे आले की काम चालू राहते. 'नाही' आले तर पेटी बंद पडत नाही, फक्त नळाला थेंब थेंब पाणी यावे तेवढेच इंटरनेट पुढे सोडते. हे सगळे मला त्या दिवसानंतर नीट कळले.

पेटी जुनी झाली होती. दिराने एक मोठा सर्व्हर मागवला. त्याच्या आत निव्वळ सॉफ्टवेअरने बनवलेली मशीन चालवायची आणि राउटरचे काम तिच्याकडे द्यायचे, असा बेत होता. अशा मशीनला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ती कशी असते, हे तंत्रज्ञाने मला सांगितले होते. "एका खोलीत पार्टिशन टाकून चार खोल्या करतात ना वहिनी, तसं. भिंती खोट्या, पण राहणारे खरे."

सर्व्हर आला तो नेमका पितृपक्ष लागल्यावर. दिराने खोका उघडू दिला नाही.

"घटस्थापनेला उघडायचा. तोवर कोणी हात लावायचा नाही."

"दादा, ऑर्डर गणपतीतच दिलेली," तंत्रज्ञ म्हणाला. "म्हणजे मुहूर्त झालाच की."

"तू गप."

खोका माझ्या टेबलाशेजारी उभा राहिला. येणारा-जाणारा त्यावर हेल्मेट ठेवू लागला.

लायसन्स पेटीवरून नव्या मशीनवर हलवण्यासाठी अर्ज करावा लागतो. कंपनीला उत्तर द्यायला काही दिवस लागतात, असे त्यावरच छापलेले होते. दीर मला म्हणाला, "वहिनी, कागद तयार ठेवा. मशीन चालू झालं की लगेच पाठवता येतील." अर्जाला एक निवेदन जोडायचे होते. जुनी पेटी आम्ही कायमची बंद केली आहे, तिच्यावर हे सॉफ्टवेअर यापुढे चालणार नाही, असे त्यात लिहायचे आणि खाली तांत्रिक जबाबदारी असलेल्या व्यक्तीची सही. मी ते लिहिले. लिहिताना पेटीचे हिरवे दिवे उघड्या दारातून मला दिसत होते. नव्या मशीनच्या क्रमांकासाठी एक रकाना होता. मशीन चालू केल्याशिवाय तिला क्रमांक मिळत नाही. मी तिथे 'नंतर कळवतो' असे लिहिले.

सहीची अडचण नव्हती. तंत्रज्ञ दिवसभर गच्च्यांवर असायचा आणि सोसायट्यांच्या पत्रांवर त्याची सही रोज लागायची. कधीतरी त्यानेच कोऱ्या कागदावर सही करून तिचा फोटो मला पाठवला होता. "लावत जा तुम्ही," असे म्हणाला होता. संगणकात त्या सहीचे चित्र होते, कार्यालयाच्या शिक्क्याचेही होते. मी दोन्ही लावली.

मग मी ते पाठवून दिले.

असे का केले, याचे उत्तर मी नंतर पुष्कळदा शोधले. सापडले ते साधे होते. आमच्या वर्तमानपत्राच्या धंद्यात मजकूर आगाऊ लिहितात. दहावीचा निकाल लागायच्या आधी निकालाची बातमी तयार असते, फक्त आकडे भरायचे राहतात. आजारी पुढाऱ्याचा मृत्युलेख त्याच्या हयातीत लिहिलेला असतो. पण त्यावर ठळक अक्षरांत 'राखून ठेवा' असे लिहिलेले असते आणि तो सोडायचा की नाही हे दुसरा माणूस ठरवतो. इथे दुसरा माणूस नव्हता. तयार मजकूर टेबलावर पडून राहिला की माझा हात थांबत नाही. कंपनीला दिवस लागणार आहेत, तेवढे वाचतील, असा विचार करून मी बटण दाबले, संगणक बंद केला आणि घरी गेले. कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे काही वाटलेच नाही.

दशमीला दुपारी एक वाजता दीर मागच्या खोलीतून घामाघूम होऊन बाहेर आला. पेटी दोनदा बंद करून चालू केली होती, फरक नव्हता. परवाच तंत्रज्ञाने पेटीत काहीतरी दुरुस्ती केली होती, हे त्याला आठवले.

"ह्यानेच काहीतरी करून ठेवलंय. लाव त्याला फोन."

तो मला कधी एकेरीत बोलत नाही. आम्हा दोघांच्याही ते तेव्हा लक्षात आले नाही. मी फोन लावला. तंत्रज्ञ म्हणाला, "पान वाढून ठेवलंय वहिनी, कावळ्यासाठी थांबलोय. निघतोच." तो न जेवता निघाला.

तो येईपर्यंत दिराने कंपनीला फोन केला आणि स्पीकर चालू ठेवला. पलीकडची बाई शांत आवाजात हिंदीत बोलत होती. तिने आमचा ग्राहक क्रमांक विचारला, थोडे थांबली आणि म्हणाली की अडचण काहीच नाही. जुनी पेटी बंद केल्याचे आपणच कळवले आहे. त्यानुसार त्या पेटीचे लायसन्स आज काढून घेतले आहे. नव्या मशीनचा क्रमांक आपण कळवलेला नाही, तो आला की लायसन्स तिथे देऊ.

"आम्ही कळवलंय? कोणी?"

बाईने तंत्रज्ञाचे नाव वाचून दाखवले.

मी खुर्चीत होते. हातात पेन होते. तक्रारींच्या वहीत अर्धी ओळ लिहून झाली होती आणि पुढची अर्धी मला आठवेना. अंगाला काही झाले असे नाही. फक्त कानांवर कोणी उशी धरल्यासारखे ऐकू येऊ लागले. टेबलावरचा फोन वाजत होता हे मला दिव्यावरून कळले. एवढ्या वर्षांत माझ्या हातून चुकीच्या बातम्या गेल्या आहेत. एकदा जिवंत गृहस्थांच्या फोटोखाली दुसऱ्याचे निधन छापले गेले होते. पण ते गृहस्थ त्यामुळे मेले नव्हते. मी पेटी बंद आहे असे लिहिले, आणि पेटी बंद झाली.

दिराच्या डोक्यात गोष्ट वेगळी होती. कागद मी तयार केला असणार, हे त्याला माहीत होते. पण कंपन्यांना पाठवायचे काम नेहमी तंत्रज्ञाचे. सही त्याची, म्हणजे पाठवणाराही तोच, असे त्याने धरले.

तंत्रज्ञ आला तेव्हा अडीच वाजले होते. अंगात सुटीचा सदरा, कपाळावर गंध. मागच्या खोलीत जाऊन पाच मिनिटांत बाहेर आला.

"दादा, पेटी ठीक आहे. लायसन्स गेलंय."

"ते मला कंपनीने सांगितलं. तू काय सांगणार?" दिराने निवेदनाची प्रत छापून घेतली होती. ती त्याच्यासमोर धरली. "ही सही कोणाची?"

त्याने कागद घेतला. वाचला. मग सहीकडे बघितले. ती त्याचीच होती, वळणदार, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढलेली.

"सही माझीच आहे."

"नवीन मशीन खोक्यात आहे, आणि तू जुनं बंद केल्याचं कळवून मोकळा? वहिनींना यातलं काय कळतं, त्यांनी लिहून दिलं. कधी पाठवायचं ते तुला कळायला नको? सतरा वर्षं काय केलंस रे तू इथे?"

"मी पेटीला हात नाय लावला, दादा."

"हात लावलास का विचारलं मी? सही तुझी का विचारलं."

"माझीच आहे."

तो माझ्याकडे बघत नव्हता. भिंतीवरचे घड्याळ माझ्या समोर होते. दोन पस्तीस ते दोन पंचावन्न एवढा वेळ मी काही बोलले नाही. हे मी इथे नोंदवून ठेवते. या वीस मिनिटांत फोन सतत वाजत होता, आणि मी तो उचलत होते, आणि काम चालू आहे असे सांगत होते. माझ्या समोर एका माणसाला माझ्या कामाबद्दल बोलणी बसत होती, आणि मी ती दुसऱ्या कोणाच्या बातमीसारखी ऐकत होते. कोण काय म्हणाले, कोणत्या क्रमाने म्हणाले, सगळे माझ्या डोक्यात नीट उतरत होते. तोंड मात्र उघडत नव्हते. मला अजून ते धक्कादायक वाटते. भीती वाटत होती म्हणावे, तर दिराची भीती मला कधीच नव्हती.

"उद्यापासून येऊ नकोस," दीर म्हणाला. "किल्ल्या ठेव आणि जा."

त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. तो आवाज झाला तेव्हा मी बोलले.

"भाऊजी, ते मी पाठवलं."

"काय पाठवलं?"

"निवेदन. सहीचं चित्र मीच लावलं आणि शुक्रवारी संध्याकाळी मीच पाठवलं. त्याला माहीतही नव्हतं."

दिराने माझ्याकडे बघितले. मग त्याचा चेहरा सैल झाला आणि तो चक्क हसला.

"अहो वहिनी! मग आधी सांगायचं ना. मी उगाच याला झाडत बसलो. जाऊ दे, होतं असं. तुम्हाला काय माहीत त्यातलं."

क्षणापूर्वी ज्या गोष्टीसाठी माणसाची सतरा वर्षांची नोकरी गेली होती, तीच गोष्ट माझ्या नावावर आली आणि तिचे वजनच गेले. मी रागावलेल्या दिराला तोंड द्यायची तयारी केली होती. हसणाऱ्या दिरापुढे काय करायचे मला कळेना.

"चल रे," तो तंत्रज्ञाला म्हणाला. "उचल किल्ल्या. लाग कामाला."

तंत्रज्ञाने किल्ल्या उचलल्या नाहीत. बिलांच्या संगणकाकडे बोट दाखवून म्हणाला, "यात व्हर्च्युअल मशीन बनवतो. क्रमांक मिळेल. तो कळवला की लायसन्स येईल. तात्पुरतं चालेल."

दिराला घाई होती, तरी तो अडला. "पितृपक्षात नवीन मशीन?"

"पीसी सहा वर्षं जुना आहे. नेटवर्कचं कार्ड कपाटातलं लावतो, ते त्याहून म्हातारं. नवीन काय आहे त्यात?"

"आतलं मशीन नवीन ना."

"दिसतं का ते तुम्हाला?"

दीर माझ्याकडे वळला. "वहिनी, हे नवीन धरायचं का?"

"नाही धरायचं," मी म्हणाले. ही माहिती मी कुठेही पडताळून घेतली नव्हती.

पुढचा तासभर तंत्रज्ञ काम करत होता. मशीन तयार झाली, क्रमांक आला. मी कंपनीला पत्र लिहायला घेतले. तो म्हणाला, "थांबा." मागच्या खोलीत गेला, पेटीची वायर ओढून काढली आणि परत आला. "आता लिहा." मी लिहिले. त्याने कागद छापून घेतला, उभ्या उभ्या पूर्ण वाचला, पेनाने सही केली आणि स्कॅन करून स्वतः पाठवला. मग मला म्हणाला, "ते सहीचं चित्र काढून टाका." मी त्याच्या समोर काढून टाकले.

पाचच्या सुमारास लायसन्स आले. मुलाखतवाल्या बाईंचा फोन आला, पण आता काय उपयोग, एवढेच बोलून त्यांनी ठेवला.

तो निघाला तेव्हा मी दारापर्यंत गेले.

"सही माझीच आहे असं का म्हणालास? चित्र मीच लावते, हे तुला माहीत होतं."

"माझीच होती ना. खोटी कशी म्हणू?" तो चपला घालत होता. "आणि तुम्ही बोलाल, असं वाटलेलं."

"बोलले ना शेवटी."

"हो. बोललात." मग म्हणाला, "आई थांबलीय जेवायची," आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळेला आला, टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या. दिराने त्याला पाहून "या साहेब, काल तुमचं गंध बघूनच पेटी घाबरली," असा विनोद केला. तो हसला. झाले ते संपले असे दिराला वाटले. खरे सांगायचे तर मलाही वाटले. मी त्याची माफी मागितली नाही. तशी वेळ येईल असे वाटत राहिले.

घटस्थापनेला सकाळी खोका उघडला. दिराने सर्व्हरला हार घातला, नारळ फोडला. तंत्रज्ञाने नवी मशीन उभी केली, लायसन्स बिलांच्या संगणकातून तिच्यावर हलवले. एका व्हर्च्युअल मशीनवरून दुसरीवर नेताना अर्ज लागत नाही, त्यामुळे या वेळी ते दहा मिनिटांचे काम होते. दुपारपर्यंत तो तिथेच बसून राहिला, सगळ्या इमारती चालताहेत याची खात्री केली. मग किल्ल्यांचा जुडगा आणि दोन लिहिलेले कागद दिरासमोर ठेवले.

"सगळे पासवर्ड यात आहेत. कुठल्या गच्चीला कोणाला फोन करायचा, तेही लिहिलंय. मी सोमवारपासून कोलशेतला लागतोय. एका कारखान्यात, नेटवर्क बघायला."

दिराच्या हातात प्रसादाचा पेढा होता. तो तसाच राहिला.

"अरे पण मी तुला परत घेतलं होतं!"

"हो दादा. काढलंत ते वहिनींच्या चुकीवर. परत घेतलंत ते वहिनींच्या शब्दावर. मी तिथेच उभा होतो ना दोन्ही वेळा."

तो रागात नव्हता. वाकून दिराच्या पाया पडला. माझ्याही पडायला वाकला आणि मी मागे सरले. मी दारापर्यंत गेले तेव्हा तो रस्ता ओलांडून गेला होता.

दिराने हातातला पेढा सर्व्हरसमोर ठेवला. मग म्हणाला, "वहिनी, माणूस हवा म्हणून जाहिरात लिहून द्या. तो काय काय करायचा ते तुम्हाला माहीत आहे. तेवढं टाका."

मी लिहायला बसले. राउटर आणि सर्व्हर सांभाळणे. लायसन्सची कामे. वायर ओढणे, जोडणे. गच्च्यांच्या किल्ल्या कोणाकडे असतात याची माहिती. सोसायट्यांच्या सेक्रेटरींशी गोडीने बोलणे. पावसाळ्यात वीज पडली तर रविवारीही येणे. कार्यालयातल्या माणसाने चुकीचे पत्र पाठवले तर ते निस्तरणे, हे मी लिहिले आणि खोडले नाही.

दिराने कागद घेतला आणि वाचला. शेवटच्या ओळीशी तो थांबला.

"एवढं सगळं करणारा माणूस कुठे मिळणार, वहिनी?" तो म्हणाला.